परड्यातला बिबवा

महाड-पोलादपूरकडच्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, ‘बाबा, हे बिबव्याचं झाड कुणी लावलं?’ तो तुमच्याकडे बघून हसेल. आंबा लावतात, फणस लावतात, नारळ-सुपारी लावतात. काजू तर सरकारच पैसे देऊन लावायला सांगतं. बिबवा कोण लावतो? तो वरकस जमिनीत, बांधाच्या वरच्या अंगाला, रानाच्या कडेला आपला उभा असतो. उलट घराजवळ बिबवा नको, पोरं उततील, असंच जाणती माणसं सांगायची. तरी आमच्या वाडीत एक बाई बी रुजवून बिबव्याची रोपं करायची. ती माझी थोरली काकी. तिनं ते का केलं, हे सांगायचं तर बिबव्याचीच गोष्ट थोडी मागून सांगावी लागेल.

शहरातल्या वाचकाला बिबवा माहीत असतो तो शनिवारी दुकानाच्या दाराला लिंबू-मिरचीबरोबर लटकणारा काळा मणी म्हणून. किंवा ‘त्यानं बिब्बा घातला’ या बोलण्यातून. झाड फारसं कुणी पाहिलेलं नसतं. मध्यम उंचीचं, फांद्यांच्या शेंड्याला मोठमोठ्या पानांचे झुबके, उन्हाळ्यात निम्मं उघडं. पावसाच्या तोंडाला हिरवट-पांढरी बारीक फुलं येतात आणि थंडीनंतर फळ पिकतं. खाली काळा कुळकुळीत बिबवा, वर नारिंगी पिवळं बोंड. काजूचा धाकटा भाऊ म्हणावा असं रूप. भाऊबंदकी खरीच आहे. आंबा, काजू आणि बिबवा ही एकाच कुळातली झाडं. काजूच्या टरफलात जसा डिंकाळ, हात भाजणारा रस असतो तसाच बिबव्याच्या सालीत असतो, फक्त कितीतरी जास्त जहाल. आत मात्र पांढरी गोड बी. तिला गोडंबी म्हणतात.

माझ्या लहानपणी घरात बिबवा नाही असं घर नव्हतं. देवळीत एका करवंटीत चार-पाच पडलेलेच असायचे. भाताच्या कापणीत पायाला भेगा पडल्या की दाभणाला टोचून बिबवा दिव्यावर धरायचा आणि सुटलेल्या तेलाचा चटका भेगेला द्यायचा. काटा मोडला, तेच. घराच्या खांबाच्या बुडाला वाळवी लागू नये म्हणून तेच तेल चोपडायचं. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात गोडंबी हवीच. परटाकडे कपडे गेले तर कोपऱ्यात बिबव्याची खूण. बिबव्याच्या रसाला चुन्याची निवळी लागली की तो डाग कापड फाटेपर्यंत जात नाही. (यातलं काहीही कुणी घरी करून बघू नये. ज्याला बिबवा उततो त्याचं अंग असं फुलतं की माणूस ओळखू येत नाही. वैद्यसुद्धा बिबवा विटकरीच्या पुडीत घोळून शुद्ध केल्याशिवाय औषधात घेत नाहीत.)

परटाच्या या खुणेनं पुढे मोठा घोळ घातला. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन शिपायांच्या मानेवर, कमरेवर खाजरं पुरळ उठायला लागलं. नक्की कशानं, ते कळेना. शेवटी सापडलं, की पुरळ बरोब्बर तिथंच आहे जिथं धोब्यानं सदऱ्यावर, चड्डीवर खूण केली आहे. 1943 साली तिकडच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख छापून आला. आमच्या काकीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, ‘मला इचारलं आसतं तर त्याच दिशी सांगितलं आसतं.’

बिबव्याची कागदोपत्री ओळख मात्र फार जुनी. चरकसंहितेत रसायनांच्या प्रकरणात भल्लातकाचे निरनिराळे पाठ आहेत. संस्कृतात त्याचं एक नाव अरुष्कर, म्हणजे जखम करणारा. व्रण करणारा आणि तोच शक्ती देणारा, हे दोन्ही त्या लोकांना एकदम माहीत होतं. इथून बिबवा अरबांकडे गेला आणि तिथून युरोपातल्या औषधवाल्यांकडे. ते त्याला अनाकार्डियम म्हणत, हृदयाच्या आकाराचा म्हणून. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानं 1563 साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या अनाकार्डोवर एक प्रकरण लिहिलं. त्या ग्रंथात काजू नाही. पंधरा वर्षांनी, 1578 साली, क्रिस्तोबाल आकोस्ता लिहितो तेव्हा कोचीनच्या बागेत काजू आलेला आहे. म्हणजे पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं हे झाड त्याच सुमाराला आपल्या किनाऱ्यावर रुजत होतं.

पुढची गंमत अशी, की 1753 साली लिनियसनं झाडांना दोन-दोन नावं दिली तेव्हा अनाकार्डियम हे बिबव्याचं जुनं नाव त्यानं काजूला देऊन टाकलं आणि पुढे ऑक्सिडेंटाली, म्हणजे पश्चिमेकडचा, असं जोडलं. बिबव्याला त्याच्या मुलानं नंतर वेगळं नाव दिलं, खूण करणारं फळ अशा अर्थाचं. आता जगात अनाकार्डियम म्हटलं की काजू. घरच्याचं नाव पाहुण्यानं घेतलं आणि घरचा राहिला धोब्याच्या खुणेपुरता. नंतर जमिनीच्या बाबतीतही आमच्याकडे तेच झालं, म्हणून हे एवढं लांबण लावलं.

महाड हे सावित्रीच्या काठचं बंदर. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबतं महाडपर्यंत यायची आणि घाटावरून वरंध्यानं उतरलेला माल इथं पोचायचा. या बाजारात रानातला माल, म्हणजे हिरडा, शिकेकाई, मध, बिबवा, आणणारे बहुतेक करून कातकरी. कुठल्या डोंगराच्या कुठल्या कुशीत मादी झाड आहे आणि ते यंदा धरलंय की नाही, हे त्यांच्या बायांना माहीत. आम्हा कुणब्या-मराठ्यांच्या घरात देवळीत बिबवा असायचा, पण झाडाखाली जाऊन तो वेचायला आम्ही कातकरणीचीच वाट बघायचो. भीती आमची, हात त्यांचे. हे कुठल्या गॅझेटियरमध्ये सापडेल न सापडेल, पण आमच्या ओटीवर दरवर्षी घडत होतं. ती पायलीभर भात घ्यायची आणि ओंजळभर बिबवे ओतून जायची.

आता हे झाड वरकसात टिकलं कसं? आमच्याकडे भाताची दाढ भाजायला राब लागतो. दरवर्षी थंडी सरली की कोयते घेऊन माणसं वरकसात जायची आणि ऐन, किंजळ, जे मिळेल त्याच्या फांद्या तासायची. डोंगरउतारावरची झाडं पाहिलीत तर अजून ती बोडकी, गाठाळलेली दिसतात, ती त्याची खूण. बिबव्याला मात्र कुणी कोयता लावत नसे. तासताना चीक उडतो आणि त्याचा धूर अंगावर आला तर डोळे बंद होतात. कोळसा पाडणारे मुंबईच्या शेगड्यांसाठी डोंगरच्या डोंगर उतरवत होते, तेही बिबव्याला वळसा घालून गेले, असं माझे आजोबा सांगायचे. राखीव जंगलाचा शिपाई नव्हता तिथंसुद्धा बिबवा स्वतःची राखण स्वतः करत होता.

कायद्यानं त्याला कधी राखलं नाही, हे जाता जाता सांगतो. महाराष्ट्राचा वृक्षतोडीचा कायदा 1964 चा. त्याच्या यादीत हिरडा आहे, साग आहे, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, जांभूळ, ऐन, किंजळ आहेत. ही तोडायची तर परवानगी लागते. बिबवा त्या यादीत नाही. यादी करणाराला वाटलं असेल, याला हात लावायला कोण जातंय?

आमच्या वाडीतला प्रत्येक दुसरा पुरुष मुंबईला गिरणीत. काका लालबागला, सात जणांच्या खोलीत. दिवाळीला, होळीला यायचे आणि परत जाताना बोचक्यात तांदूळ, नाचणी, सुकी मासळी आणि एका पुडीत बिबवे बांधून न्यायचे. चाळीत कुणी ना कुणी बाळंत व्हायचीच. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि पहिल्या सहा महिन्यांत जे परत आले ते बहुतेक कायमचेच आले. काका वर्षभर तिकडं थांबले, मग तेही आले. शेतीची सवय गेलेली, हातात पैसा नाही, आणि वरकसात नाचणी-वरी करण्याची ताकदही घरात उरलेली नाही. असं सात-आठ वर्षं कसंबसं चाललं. 1990 साली रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आली. खड्डे खणायची मजुरी सरकार देणार, कलमं सरकार देणार. गिरणी सुटलेल्या माणसाला ही योजना म्हणजे काय वाटली असेल, ते घरात बसून योजनेवर टीका करणाऱ्याला कळणार नाही. काकांनी अर्ज केला. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानं काढलेल्या जातीची काजूची कलमं मिळाली. वरकसात सात-सात मीटरवर फाक्या टाकून आखणी झाली.

त्या आखणीत दोन बिबवे आले. एक चांगला जुना, मादी, दुसरा नर. काका म्हणाले, काढायचे. काढणार कोण? दोन गडी नाही म्हणाले. शेवटी एकानं अंगाला खोबरेल चोपडून, तोंडाला फडकं बांधून दोन्ही झाडांची बुडाजवळची साल गोल काढली आणि ती उभ्या उभ्या वाळवली. काकी आणि काकांचं त्यावरून जे भांडण झालं ते सगळ्या वाडीनं ऐकलं. ‘काजूला पैसे येतात, तुझ्या बिबव्याला काय येतं?’ असं काका म्हणाले. काकी म्हणाली, ‘पैसे येतील तवा काजू खावा. सुनेच्या बाळंतपनात लाडवात मी काय घालू? आनि तुमच्या टाचा कशानं शेकू?’ काकांनी उत्तर दिलं नाही. पुढे काजू आला, पैसेही आले. त्या काजूवर माझ्या दोन चुलतबहिणींची लग्नं झाली. तेव्हा काकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण वाळलेलं झाड पडायच्या आधी त्याच्याखाली शेवटचे पडलेले बिबवे काकीनं टोपलीत भरून आणले आणि त्या मृगाच्या आधी पडवीत रोपं घालायला बसली.

तिची रीत मी डोळ्यानं पाहिलेली आहे आणि आता मीही तीच करतो, म्हणून नीट लिहून ठेवतो. बाजारातला बिबवा उगवत नाही, हा तिचा पहिला नियम. तो वाळून जुना झालेला असतो. कधी फोडायच्या सोयीसाठी भाजलेलाही असतो. माघ-फाल्गुनात झाडाखाली आपोआप पडलेला, बोंड पिकलेला, हाताला जड लागणारा आणि भोक नसलेला तोच घ्यायचा. हाताला आधी खोबरेल, मग राख. काडीनं बोंड सुटं करायचं. बिबवे राखेत लोळवून मडक्यात ठेवायचे. मृगाला आठ दिवस असताना शेणकाल्यात दोन रात्री भिजत टाकायचे. जे वर तरंगतील ते गेले.

कुंडीचं तिचं गणित मला फार आवडतं. बिबव्याची मुळी आधी खाली जाते, मग कोंब वर येतो. हातभर खोल जागा नसेल तर मुळी तळाशी वेटोळं घालते आणि ते झाड पुढे कधी नेटानं उभं राहत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत नेमकं हेच होतं. काकी कळकाची जाड पेरं दोन्हीकडून मोकळी कापायची. नदीची गाळमाती आणि कुजलेला पाला त्यात ठासायची आणि ती पेरं पडवीच्या कडेला एकमेकींना चिकटवून उभी करायची, पागोळ्यांचं पाणी थेट पडणार नाही अशी. एका पेरात एक बिबवा, आडवा, पेरभर खाली. मग वाट बघायची. महिना जातो, काहींना दीड-दोन महिने. दहातले चार-पाच येतात. उंदीर त्याच्या वाटेला जात नाहीत, हा एक फायदा.

खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात. रोपाला जेमतेम चार-सहा पानं असतात, ती गळून जातात आणि पेरात नुसती काटकी उरते. माणसं मेलं म्हणून उपटून टाकतात. काकी बाभळीच्या काट्यानं बुडाशी जरासं खरवडून बघायची. आत हिरवं असलं तर रोप जिवंत. बोटाचं नख लावायचं नाही, कारण चीक लहानपणापासूनच असतो. दुसऱ्या पावसाळ्यात खड्डा घेऊन, कळक उभा चिरून, मातीचा गड्डा न मोडता रोप ठेवायचं. कळक तिथंच टाकला तरी कुजतो.

एवढं करून ती रोपं घ्यायला कुणी आलं नाही. शाळेच्या कुंपणाला लावू म्हणाली तर पोरांच्या अंगावर उतेल म्हणून नको झालं, आणि ते बरोबरच होतं. मग तिनं परड्याच्या टोकाला, जिथून उतार सुरू होतो, तिथं पाच लावली. तीन जगली. काजूची कलमं तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळाला आली. बिबव्यांना फूल यायला बारा वर्षं लागली. फूल आलं तेव्हा कळलं, की दोन नर आणि एकच मादी. बिबव्यात नर-मादी बहुधा वेगळ्या झाडांवर असतात आणि बी हातात धरून ते ओळखता येत नाही. कलम केलं तर येईल, पण बिबव्याचं कलम करायला चीक अंगावर कोण घेणार? काकी म्हणाली, एक तरी हाय ना.

तिच्या हयातीत त्या झाडाचे बिबवे घरच्या दोन बाळंतिणींना पुरले. ती गेली त्याला आता नऊ वर्षं झाली.

काकांच्या वेळी झाड मारायला माणूस मिळत नव्हता. आमच्या वरच्या अंगाचं वरकस गेल्या काही वर्षांत तुकड्या-तुकड्यानं विकलं गेलं. घेणारे बाहेरचे, फार्महाऊससाठी. पहिल्यांदा येतो जेसीबी. एका दुपारपर्यंत त्यानं उतारावरची सगळी झाडी सपाट केली, त्यात चार मोठे बिबवे होते. चालवणारा काचेच्या आत बसलेला, त्याला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी लाकडं उचलायला आणलेल्या मजुरांपैकी दोघांचे चेहरे सुजून डोळे मिटले. त्यांना पोलादपूरला दवाखान्यात न्यावं लागलं. पूर्वी बिबवा तोडणाराला आधीच अडवायचा. आता झाड पडून गेल्यावर तो ज्यानं तोडलं नाही त्याला उततो.

22 जुलै 2021 ला तळियेची दरड कोसळली. त्याच दिवशी आमच्या पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडीला आणि केवनाळ्याला डोंगर खाली आला, आणि महाड शहर पुरात बुडालं. त्यावर मी इथं जास्त लिहीत नाही. ज्यांची माणसं गेली त्यांनी ते लिहावं. त्यानंतर मात्र वाड्या-वाड्यांत उतारावर झाडं लावायच्या बैठका झाल्या. बिबवा लावला असता तर दरड थांबली असती, असलं काही मी बोलणार नाही. त्या पावसात उभ्या झाडांसकट डोंगर आला. पण लावायचंच आहे तर पिशवीतलं वेटोळ्या मुळीचं रोप कशाला, बीपासून केलेलं, खाली मुळी सोडलेलं, आपल्याच डोंगरातलं झाड का नको, एवढं मी बैठकीत म्हणालो आणि पडवीतली रोपं दाखवली. ऐन आणि किंजळ लोकांनी घेतले. बिबव्याकडे बघून गिरणीतून आलेले एक नाना म्हणाले, ‘भाऊ, तू खुळा काय? पोरं सुजतील.’ सगळे हसले. त्याच नानांच्या नातसुनेसाठी पुढच्या वर्षी गोडंबी हवी होती. महाडच्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळाली, विदर्भातून आलेली. तिकडं बिबवे फोडून गोडंबी काढणं हे बायांचं हंगामी काम आहे. त्यांच्या हातांचे फोटो कुणी पाहिले असतील तर त्या पुडीची किंमत जास्त वाटणार नाही.

रोपं मागायला शेवटी आली ती पलीकडच्या कातकरवाडीतली एक बाई. तिची आजी आमच्या ओटीवर बिबवे आणायची, हे तिनंच सांगितलं. म्हणाली, ‘भाऊ, डोंगरातली झाडं तर गेली. आता येचायचं कुठं? आमच्या घराच्या मागं चार लावते.’ मी म्हटलं, ‘चारांत मादी निघेल याची खात्री नाही. पाच-सहा ने.’ तिनं सहा नेली. बिबव्याचं झाड लावताना अशी बिनघोर बाई मी काकीनंतर हीच पाहिली. जमीन तिच्या नावावर नाही, ते दुखणं वेगळंच. बारा वर्षांनी फळ धरेल तेव्हा ती तिथं असेल का, हे तिनंही विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

परड्यातल्या मादीखाली यंदा फाल्गुनात साठ-सत्तर बिबवे मिळाले. त्यातले चाळीस राखेत घातलेत. गेल्या वर्षीची आठ रोपं पडवीत कळकात उभी आहेत. पानं गळलीत, त्यामुळे मुंबईहून येणारे पाहुणे विचारतात, या काटक्या कशाला ठेवल्यात म्हणून.